पौर्णिमेचा मेळा आणि गळाची मर्यादा

गळ टाकून मासे धरण्याच्या छंदाविषयीं ह्या मासिकांत लेख यावा, याचें कांहीं वाचकांस नवल वाटेल. आमच्या वाचकवर्गांतील पुष्कळ घरांत मासळी स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडीत नाहीं. उलट सारस्वत घरांत तिच्यावांचून ताट पुरें होत नाहीं. परंतु प्रस्तुत विषय ताटाचा नसून मर्यादेचा आहे. सृष्टीनें दिलेली वस्तु हौसेखातर किती घ्यावी, केव्हां घ्यावी आणि कोणती सोडून द्यावी, हा प्रश्न मासे खाणाऱ्यास जितका लागू आहे तितकाच न खाणाऱ्यासही आहे. शिवाय आज आपल्यांतील अनेक कुटुंबांचीं मुलें अमेरिकेंत स्थायिक झालीं आहेत, आणि सुट्टीच्या दिवशीं भाड्याची नौका घेऊन समुद्रावर गळ टाकण्यास जाणें ही तिकडील कुटुंबांची एक नित्याची करमणूक आहे. तेव्हां ह्या छंदाला तिकडे कोणते नियम लावले आहेत आणि ते कां लावावे लागले, हें समजून घेणें अप्रस्तुत होणार नाहीं.

हा छंद पाश्चात्त्यांनींच काढला असेंही नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील 'मानसोल्लास' ह्या संस्कृत ग्रंथांत राजाच्या विनोदांचें वर्णन आलें आहे, आणि त्यांत 'मत्स्यविनोद' नांवाचें एक स्वतंत्र प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांना आवडणारीं आमिषें, गळ टाकण्याची रीत, असा सर्व तपशील त्यांत ग्रथित केला आहे. परंतु त्या काळीं हौस करणारा राजा एक, आणि पाणी अफाट. आज हौस करणारे लाखों झाले, त्यांच्या नौकांना यंत्रें आलीं, समुद्राचा तळ दाखविणारीं उपकरणें हातीं आलीं. मासे मात्र पूर्वीइतकेही राहिले नाहींत. सर्व प्रश्नाचें मूळ येथें आहे.

ज्या माशांसाठीं हे नियम विशेष कडक करावे लागले, त्यांच्या कुळास इंग्रजींत ग्रूपर म्हणतात. आपल्या कोंकण किनाऱ्यावर ह्याच कुळांतील माशांना हेकरू किंवा गोबरा हीं नांवें आहेत. बांधा जाड, तोंड रुंद, खालचा जबडा पुढें आलेला, अंगावर ठिपके किंवा पट्टे. खडकाच्या कपारींत किंवा प्रवाळाच्या आडोशाला एकट्यानें राहावें आणि जवळून जाणारें भक्ष्य तोंड उघडून एकदम आंत ओढून घ्यावें, असा ह्या माशाचा जीवनक्रम असतो. तो सावकाश वाढतो, उशिरां वयांत येतो आणि पुष्कळ वर्षें जगतो. कॅरिबियन समुद्रांतील नॅसॉ ग्रूपर चार ते आठ वर्षांचा होईपर्यंत प्रजननास योग्य होत नाहीं. बांगडा किंवा तारली यांसारखी मासळी लौकर वाढते व तिची तूट लौकर भरून निघते. ग्रूपराची तूट भरून निघावयास एक तप पुरत नाहीं.

एरवीं एकांतप्रिय असलेला हा मासा वर्षांतून एका काळीं मात्र मेळा भरवितो. हिवाळ्यांतील पौर्णिमा जवळ आली कीं दूरदूरचे नॅसॉ ग्रूपर आपापल्या कपारी सोडून निघतात. कांहीं मासे शंभराहून अधिक किलोमीटरांचें अंतर तोडून येतात, हें त्यांच्या अंगाला खुणा बांधून सिद्ध झालें आहे. प्रवाळाचा उथळ पट्टा संपून जेथें समुद्र एकदम खोल होतो, अशा एका ठराविक कड्याशीं ते सर्व जमतात. त्यांच्या अंगावरील नित्याचे पट्टे लोपून पाठ काळसर व पोट पांढरें दिसूं लागतें. पौर्णिमेनंतरच्या दिवसांत, सूर्य मावळण्याच्या सुमारास, मादी पुढें आणि नर तिच्या मागें अशा टोळ्या वर झेपावतात आणि पाण्यांत अंडीं व रेत सोडतात. अंडीं प्रवाहाबरोबर वाहत जाऊन सुमारें एकदोन दिवसांत फुटतात. पिलें महिनाभर तरी मोकळ्या समुद्रांत तरंगतात आणि मग किनाऱ्याजवळील उथळ पाण्यांत आसरा घेतात. वर्षाची सारी संतति ह्या मोजक्या सायंकाळांवर अवलंबून असते. बहामा बेटांजवळच्या अशाच एका मेळ्याचें जें शास्त्रीय वर्णन १९७२ सालीं प्रसिद्ध झालें, त्यांत तेथील माशांची संख्या तीस हजार ते एक लाख असावी असा अंदाज केलेला आहे.

हा नेमच त्याच्या मुळावर आला. स्थळ ठरलेलें, तिथि ठरलेली आणि शिकार दाटीवाटीनें उभी. मग मनुष्याला दुसरें काय हवें? एरवीं दिवसभर खपून चारदोन मासे मिळावयाचे, तेथें ह्या दिवसांत नौका भरून जात असे. वडिलांकडून मुलाकडे ही जागा वारशासारखी जाई. जोंवर नौका वल्ह्यांच्या होत्या आणि बाजारपेठ गांवापुरती होती, तोंवर हें चाललें. पुढें बर्फ, यंत्र आणि दूरचें गिऱ्हाईक हीं तिन्ही आलीं, आणि कॅरिबियन समुद्रांतील एकेक मेळा मोडूं लागला. मेळा मोडला म्हणजे केवळ संख्या घटते असें नाहीं. वडील मासे तरुणांस त्या स्थळाची वाट दाखवितात असें तज्ज्ञांस वाटतें; वडीलच उरले नाहींत तर वाट कोण दाखविणार? मोडलेला मेळा पुन्हां भरल्याचीं उदाहरणें विरळा आहेत, तें यामुळेंच असावें.

एका विरळा उदाहरणाची हकीकत येथें सविस्तर सांगण्यासारखी आहे. क्यूबाच्या दक्षिणेस ब्रिटिश सत्तेखालील केमन नांवाचीं तीन लहान बेटें आहेत. तेथील जुन्या मेळ्यांपैकीं बहुतेक विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ओस पडले होते. अशा वेळीं, २००१ सालीं, लिटल केमन बेटाच्या पश्चिम टोकाशीं स्थानिक मासेमारांस एक मेळा सांपडला. त्यांत सुमारें सात हजार मासे होते. २००१ आणि २००२ ह्या दोन हंगामांत त्यांतील सुमारें चार हजार मासे काढले गेले. हें काम मोठ्या जहाजांनीं किंवा अजस्र जाळ्यांनीं केलें नाहीं. लहान नौका, दोरी आणि गळ एवढ्यावरच दोन हिवाळ्यांत अर्ध्याहून अधिक मेळा नाहींसा झाला.

२००३ सालीं केमन सरकारनें अशा मेळ्यांच्या जागीं मासेमारी बंद केली. त्याच सुमारास तेथील पर्यावरण खातें आणि अमेरिकेंतील 'रीफ' ही संस्था यांनीं 'ग्रूपर मून' नांवाचा उपक्रम हातीं घेतला होता. दर हिवाळ्यांत पाणबुडे त्या कड्याशीं उतरतात, मासे मोजतात, त्यांना खुणा बांधतात, पाण्याखालीं ध्वनिग्राहक ठेवून त्यांचे घोगरे आवाजही टिपतात. बंदीचें फळ लगेच दिसलें नाहीं. अंडीं दर वर्षीं पडत. परंतु प्रवाह, वारे आणि भक्षक यांच्या तडाख्यांतून पिलें वांचण्याचा योग क्वचितच येतो, आणि तो येण्यासाठीं वडील मासे शिल्लक असावे लागतात. अखेर तो योग आला. २०२० सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकांत जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्याप्रमाणें सुमारें पंधरा वर्षांत लिटल केमन येथील नॅसॉ ग्रूपरांची संख्या तिपटीहून अधिक वाढली.

२०१६ सालीं केमन सरकारनें आपल्या नियमांस व्यापक रूप दिलें. १ डिसेंबरपासून ३० एप्रिलपर्यंत नॅसॉ ग्रूपर कोणींही धरूं नये. उरलेल्या काळांत सोळा इंचांहून लहान व चोवीस इंचांहून मोठा मासा घेऊं नये. एका नौकेनें एका दिवसांत पांचांहून अधिक घेऊं नयेत. आणि भाल्याच्या बंदुकीनें त्याची शिकार करूं नये. शिक्षकी पेशांत जन्म घालविल्यावर आमचा असा अनुभव आहे कीं, नियमाचें कारण न सांगतां तो लादला तर मुलगा तो मोडण्याची संधि पाहतो. कारण पटलें तर गुरुजींची पाठ वळल्यावरही तो पाळतो. समुद्रावर तर गुरुजींची पाठ सदैव वळलेलीच असते. म्हणून काल, माप आणि संख्या ह्या तीन मर्यादांचीं कारणें क्रमानें पाहूं.

पहिली मर्यादा कालाची. कोणी म्हणेल, मेळा जर पौर्णिमेच्या आठवड्यांतच भरतो, तर पांच महिने बंदी कशाला? पंचांग पाहणाऱ्या आमच्या वाचकांस याचें उत्तर सहज कळेल. चंद्राचे महिने आणि इंग्रजी महिने यांचा मेळ बसत नाहीं. पौर्णिमा एखाद्या वर्षीं महिन्याच्या आरंभीं येते, एखाद्या वर्षीं अखेरीस, आणि त्याप्रमाणें मुख्य मेळा एका पौर्णिमेवरून दुसऱ्या पौर्णिमेवर सरकतो. शिवाय मेळ्यास जाणारे व परतणारे मासे ठराविक वाटांनीं थव्याथव्यांनीं जात असतात. वाटेंत त्यांना गांठलें तर मेळा राखूनही उपयोग नाहीं. आणखी एक व्यावहारिक कारण आहे. 'अमक्या कड्याशीं धरला नाहीं, पलीकडे धरला' अशी सबब बंदीच्या काळांत उरत नाहीं. नौकेंत मासा दिसला कीं अपराध सिद्ध झाला.

दुसरी मर्यादा मापाची. लहान मासा सोडून द्यावा, त्यानें एकदां तरी वंश वाढवावा, हें कोणासही पटेल. परंतु मोठाही सोडावा, हें प्रथमदर्शनीं विपरीत वाटतें; कारण हौशी मनुष्याला मोठाच हवा असतो. त्याचें कारण असें कीं, मादी जसजशी मोठी होते तसतशी तिच्या अंड्यांची संख्या तिच्या लांबीच्या मानानें कितीतरी अधिक वाढते. एक वयस्क मादी मारणें म्हणजे अनेक तरुण माद्यांची वीण बुडविणें होय. मोठ्यानें लहानास गिळावें, याला आपल्या शास्त्रकारांनीं मत्स्यन्याय म्हटलें. येथें मोठ्या माशाला अभय देऊन लहानांचें कल्याण साधलें जातें.

मेक्सिकोच्या आखातांतील गॅग नांवाच्या ग्रूपराची कथा याहूनही विलक्षण आहे. ह्या जातींतील प्रत्येक मासा मादी म्हणूनच वाढतो. कांहीं वर्षें अंडीं घातल्यावर, वय व आकार वाढल्यानंतर, त्यांतील थोडे मासे नर होतात. म्हणजे नर हे सर्व वडील आणि मोठे. हे नर खोल पाण्याच्या कड्याशीं ठाण मांडून असतात व आमिषावर निःशंक झडप घालतात. परिणाम असा झाला कीं, १९७० च्या सुमारास त्या आखातांतील गॅगांत नरांचें प्रमाण शेंकडा १७ होतें, तें १९९० च्या दशकांत शेंकडा २ वर आलें. केवळ 'अमक्याहून लहान धरूं नका' एवढाच नियम अशा जातीस पुरत नाहीं, कारण त्यानें सारा भार मोठ्यांवर, म्हणजे नरांवर, पडतो. म्हणून २००० सालीं फ्लोरिडाच्या पश्चिमेकडील दोन खोल जागा, मॅडिसन-स्वॉन्सन आणि स्टीमबोट लम्प्स, ह्या माशांच्या वंशरक्षणासाठीं राखून ठेवण्यांत आल्या.

कुळांतील राक्षस म्हणजे गोलायथ ग्रूपर. हा आठ फुटांपर्यंत लांब होतो. १९६१ सालीं फ्लोरिडांतील फर्नांडिना बीच येथें गळानें धरलेला असा एक मासा ६८० पौंड भरला, आणि गळाच्या मासेमारींतील त्या जातीचा उच्चांक म्हणून त्याची नोंद झाली. असा मासा दोराला टांगून त्याच्या शेजारीं उभें राहून छायाचित्र काढून घेणें, ही त्या काळची मोठी ऐट होती. हा प्राणी मनुष्यास भीत नाहीं. बुडालेल्या जहाजाशीं स्वस्थ तरंगत असतां भाला मारणाऱ्यास तो सहज सांपडे. अखेर १९९० सालीं अमेरिकेंत त्याच्या पकडीवर पूर्ण बंदी घालावी लागली. तीस वर्षांहून अधिक काळ ती टिकली, आणि संख्या कांहींशी सांवरल्यावर २०२३ सालीं फ्लोरिडा संस्थानानें दार किंचित् उघडलें. सोडत काढून दोनशेच परवाने दिले, मुदत मार्च ते मे, आणि मासा चोवीस ते छत्तीस इंचांतलाच. गोलायथ साधारण चार फुटांचा झाल्यावर वयांत येतो. म्हणजे वंश चालविणाऱ्या एकाही वडील माशास हात लावावयाचा नाहीं, हें ह्या मापाचें मर्म आहे. तरीसुद्धां हें दार इतक्यांत उघडावें कीं नाहीं, याविषयीं तेथील शास्त्रज्ञांत व पाणबुड्यांत मोठा वाद झाला.

तिसरी मर्यादा संख्येची, आणि हौशी मनुष्यास तीच अधिक जाचते. तो म्हणतो, 'समुद्र एवढा मोठा, माझा गळ एक. त्यानें काय होणार?' याचें उत्तर त्रैराशिकानें द्यावें. समजा एका किनाऱ्यावर हजार नौका आहेत आणि प्रत्येकींत चार माणसें आहेत. प्रत्येकानें दोन मासे घेतले तर एका दिवसांत आठ हजार मासे झाले, आणि लिटल केमनचा सारा मेळा मिळून सात हजार होता. मेक्सिकोच्या आखातांत गॅग माशांच्या पकडींत व्यापारी कोळ्यांपेक्षां हौशी लोकांचा वाटा मोठा आहे. तेथें माणशीं दोन मासे व किमान चोवीस इंच लांबी अशी मर्यादा घातलेली असूनही तूट भरेना. तेव्हां हौशी लोकांचा हंगाम आखडत आखडत २०२४ सालीं सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापुरता उरला. वेळेवर पथ्य केलें नाहीं तर पुढें लंघन करावें लागतें, हें घरांतील वडील माणसांचें म्हणणें राष्ट्रांसही लागू पडतें.

येथें न्यायाचाही प्रश्न येतो. ज्याचें घर मासळीवर चालतें, त्या कोळ्याला वर्षांतील सर्वांत किफायतीचा आठवडा सोडण्यास सांगणें ही लहान गोष्ट नव्हे. केमन येथील मेळ्याचा शोध कोळ्यांनींच लावला, आणि ह्या माशांच्या जाण्यायेण्याचें जें ज्ञान शास्त्रज्ञांस आज आहे त्याचा पाया कोळ्यांच्या पिढीजात माहितीवरच रचलेला आहे. त्यांनीं पोटाला चिमटा घ्यावा आणि धनिकाच्या क्रीडानौकेनें मात्र मोकळें फिरावें, हा न्याय होणार नाहीं. पोटासाठीं घेणाऱ्यापेक्षां हौसेसाठीं घेणाऱ्यावर नियमाचें ओझें आधीं पडलें पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

सोडून दिलेला मासा जगतो काय, हाही विचार हवा. खोल पाण्यांतून ग्रूपर भरकन वर ओढला म्हणजे पाण्याचा दाब कमी होऊन त्याच्या पोटांतील हवेची पिशवी फुगते, डोळे बाहेर येतात, पोटाची आंतली पिशवी तोंडावाटे लोंबूं लागते. असा मासा नुसता पाण्यांत टाकला तर तो खालीं जाऊं शकत नाहीं. पृष्ठभागावर तरंगत राहून मरतो, किंवा पक्ष्यांच्या व शार्कांच्या तोंडीं पडतो. सोडणाऱ्याच्या मनाला पुण्याचें समाधान, आणि माशाला मृत्यु! यासाठीं वजन बांधलेल्या चिमट्यानें त्याला पुन्हां खोल नेऊन सोडण्याची युक्ति निघाली आहे, आणि मेक्सिकोच्या आखातांत असें साधन नौकेवर सज्ज ठेवण्याचा नियम २०२२ सालीं लागू झाला. टोंक आंत वळलेला गोल गळ वापरला तर तो घशांत न रुततां ओठाच्या कोपऱ्यांत अडकतो व मासा फारशी इजा न होतां सुटतो. सोडावयाचें तर जगेल असें सोडावें. नाहीं तर तें सोडणें म्हणतां येणार नाहीं.

पौर्णिमेला मासे न मारण्याची कल्पना आपल्या देशास नवी नाहीं. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत सम्राट अशोकानें आपल्या पांचव्या स्तंभलेखांत चातुर्मासाच्या तीन पौर्णिमांस व तिष्य नक्षत्राच्या पौर्णिमेस, चतुर्दशी, पौर्णिमा आणि प्रतिपदा असे तीन तीन दिवस, तसेंच उपोषणाच्या दिवशीं मासे मारूं नयेत आणि विकूंही नयेत अशी आज्ञा कोरविली. ती आज्ञा धर्मभावनेंतून निघाली होती. ग्रूपराच्या मेळ्याशीं तिचा संबंध जोडणें योग्य होणार नाहीं. तरी तिथि पाहून हात आंवरणें हें राज्याचें कर्तव्य होऊं शकतें, आणि मारण्याबरोबर विकणेंही थांबविल्यावांचून बंदीला अर्थ राहत नाहीं, ह्या दोन गोष्टी त्या आज्ञेंत स्पष्ट आहेत. आपल्या किनाऱ्यावर नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ वाहिल्यावर नौका लोटण्याची कोळी बांधवांची रूढि सर्वांस माहीत आहे. आज पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी सरकारी बंदी असते; आणि २०२३ सालीं महाराष्ट्र सरकारनें चोपन्न जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून त्याहून लहान मासे धरण्यास मनाई केली. पावसाळ्यांतील ती बंदी मुख्यतः यांत्रिक नौकांस उद्देशून आहे. मालवणापासून मुंबईपर्यंत खडकांवर बसून किंवा भाड्याच्या होडींतून गरी टाकणाऱ्या हौशी तरुणांनीं मात्र आपली मर्यादा आपणच ठरवावयाची आहे.

घरोघरीं करतां येण्याजोगें कांहीं सांगून हा लेख पुरा करितों. ज्या घरांत मासळी येते तेथील गृहिणींनीं वीतभर हेकरू स्वस्त मिळाला तरी घेऊं नये. गिऱ्हाईक नसलें म्हणजे असला मासा धरण्याची ओढही कमी होते. ज्यांचीं मुलें परदेशीं गळ टाकण्यास जातात त्यांनीं पत्रांतून किंवा दूरध्वनीवरून एवढें अवश्य विचारावें कीं, नौकेवर मोजपट्टी आहे काय आणि हंगाम खुला आहे काय. आणि मुलांना प्रथमच गरी हातीं देणाऱ्या वडिलांनीं मासा कसा धरावा हें शिकविण्याआधीं तो जिवंत कसा सोडावा हें शिकवावें. धरण्याची हौस मुलाला उपजतच असते. सोडणें शिकवावें लागतें.